शिट्टी दातांत धरून

पासवालिसच्या शाळेचा हॉल. बाहेर उणे चौदा.
दाराशी बुटांवरचा बर्फ वितळून ओघळतोय,
आणि मध्यंतरात विकलेल्या
लसूण चोळलेल्या तळक्या काळ्या पावाचा वास
शेवटच्या क्वार्टरपर्यंत रेंगाळलेला.

ताउत्रिमास पडला तो कुणाच्या धक्क्यानं नाही.
रिबाउंडला उडाला, उतरताना
पाऊल दुसऱ्याच्या बुटावर आलं, घोटा आत वळला.
हे मी पाहिलं. नीट पाहिलं.
मग शिट्टी का नाही वाजवली?
वरच्या बाकांवरून त्याची आई हेच विचारत होती,
माझ्या आईचाही उद्धार करत.

बॉल पांढऱ्यांकडे गेला होता. जिवंत होता.
नियम म्हणतो, ज्यांच्या हाती बॉल
त्यांचा डाव आधी संपू दे.
डोकं आपटलं असतं तर थांबलो नसतो.
घोटा आहे. घोट्याला थांबता येतं.
हे ठरवलं मी, अर्ध्या श्वासात,
जो सोमवार ते शुक्रवार भूमिती शिकवतो.

तर चौघे हिरवे पाच पांढऱ्यांमागे धावले
आणि त्यांच्यामागे मी, शिट्टी दातांत धरून,
पाठीला डोळे फुटल्यासारखा.
एक पास. आणखी एक. अरे टाक ना बाबा.
टाकला. रिंगवर दोनदा नाचून बाहेर.
हिरव्या हातांत पडता क्षणी वाजवली.

मग पंधरा सेकंद.
पुस्तकात ‘सुमारे’ पंधरा लिहिलंय.
तो शब्द ज्यानं घातला
तो कधीतरी असा वाकून उभा राहिला असणार.
मी सावकाश मोजतो.
“उठतोस?”
“उठतो.”
उठत नाही.
आठ. नऊ. लाकडावर
त्याच्या तळहाताचा ओला ठसा सुकत चाललाय.
अकराला त्याची कोच रामुने धावली,
एक पाय रेषेच्या आत. निळा कापडी बूट.
झालं. मदतीला कुणी आत आलं की बदली,
पुढे मोजायचं कारण उरत नाही.
तिला ठाऊक होतं. माझ्याकडे पाहत
तिनं पाय हळूच मागे घेतला,
मांजर दुधापासून घेतं तसा.

“मला हात कुठे लावला तिनं? मोजा ना, मास्तर.”
सोळा वर्षांचं पोर, नाकाखाली नुकती लव.
बाकावर गविदास ट्रॅकसूटची चेन उघडतोय.
अर्ध्यावर अडकलीय. हिवाळाभर उघडलीच नव्हती.

तेवढ्यात पांढऱ्यांच्या बाकावरून म्हाताऱ्या झेनोनासनं
आडव्या तळव्याखाली उभं बोट टेकवलं.
टाइम-आउट.
दोन गुणांनी पुढे असलेला माणूस.

नियमात एक फट आहे.
टाइम-आउट कुणीही घेवो,
बदलीच्या भोंग्याआधी जखमी सावरला
तर त्याला खेळता येतं.
झेनोनासला ती फट माहीत असावी.
नसावीही. पोरांना पाणी हवं असेल.

एल्विरा घड्याळाकडे बघत होती,
मी भिंतीवरच्या चढायच्या दोरांकडे.
असल्या मिनिटात रेफरीनं पोराकडे बघू नये,
बघितलं की तो उगाच हसतो.

भोंगा. वळलो.
ताउत्रिमास उभा होता,
एक पाय टेकवलेला, दुसरा टेकवल्यासारखा.
मी डॉक्टर नाही.
मला उभा आणि आडवा एवढंच कळतं.
खेळू दिलं.

उरलेल्या सहा मिनिटांत त्यानं एकही उडी मारली नाही.
हरले, नऊ गुणांनी.
गविदासनं चेन वर ओढली. या वेळी अडकली नाही.

पार्किंगमध्ये मी काचेवरचा बर्फ खरवडत होतो.
ताउत्रिमासची आई आली, खांद्यावर त्याची बॅग.
म्हणाली, “तेव्हाच वाजवायला हवी होती.”
मी म्हटलं, हो.
कोणत्या तेव्हा, ते
तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.
पोरगं गाडीपर्यंत लंगडत गेलं.
नको असताना मोजलं मी:
सुमारे पंधरा.